मुळ्याचे पाणी

मुळ्याचा कीस दोन्ही तळव्यांत दाबून मी त्याचे पाणी सिंकमध्ये पिळत होतो, तेवढ्यात आमच्या घरमालकीणबाई थंडी सुरू होण्याआधी बॉयलर दाखवून घ्यायला कारागिराला घेऊन वर आल्या. कारागीर बॉयलरकडे गेला, बाई मात्र "आइगो!" म्हणत थेट ओट्याशी आल्या, माझ्या हातातला पिळलेला गोळा त्यांनी चिमटीत धरून पाहिला आणि हे काय चालले आहे असे विचारले. मूसेंगछे हा कच्च्या मुळ्याचा कोरियन पदार्थ करतो आहे, असे मी जरा अभिमानानेच सांगितले. त्यावर त्या बरेच काही बोलल्या. त्यातले 'मूल' म्हणजे पाणी आणि 'मात' म्हणजे चव एवढे दोनच शब्द मला तेव्हा येत होते, पण सिंकच्या जाळीकडे आणि माझ्या हातातल्या गोळ्याकडे त्या आळीपाळीने ज्या पद्धतीने बोट दाखवत होत्या त्यावरून अर्थ स्पष्ट होता: चव सगळी मोरीत सोडलीस आणि चोथा जपून ठेवलास. कोरियन भाषेत मुळ्याला 'मू' म्हणतात आणि पाण्याला 'मूल', आणि या पदार्थाची सगळी गोम या दोन शब्दांमधल्या संबंधात आहे, हे मला त्यानंतर तीन आठवड्यांनी समजले.

आम्ही दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात, युसॉंग भागात राहतो. माझी बायको इथल्या एका संस्थेत संशोधन करते आणि मी पुण्यातल्या कचेरीचे काम घरून करतो. घड्याळात साडेतीन तासांचा फरक असल्यामुळे माझी सकाळ मोकळी असते आणि म्हणून स्वयंपाकघरही बरेचसे माझ्याकडेच असते. देजॉनमध्ये काल्गुक्सूची, म्हणजे सुरीने कापलेल्या गव्हाच्या शेवयांची, दुकाने पावलोपावली आहेत. गरम रश्श्यातल्या त्या जाडसर पट्ट्या पाहिल्या की कुणाही मराठी माणसाला वरणफळे आठवावीत. अशाच एका दुकानात टेबलावरच्या झाकणाच्या बरणीत लालभडक मुळ्याच्या काड्या ठेवलेल्या असत आणि हव्या तितक्या आपल्या हाताने वाढून घेता येत. रस्सा सौम्य आणि काड्या तिखट, आंबट, किंचित गोड, शिवाय दाताखाली करकरणाऱ्या. काल्गुक्सू मागवण्यामागचे माझे खरे कारण पुढे पुढे ती बरणीच होती.

इथल्या जेवणात भात आणि रस्सा यांच्या भोवतीने लहान लहान ताटल्यांतून जे मांडले जाते त्याला बानचान म्हणतात. आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला जे वाढतात त्याचेच हे मोठे कुटुंब आहे असे समजायला हरकत नाही. 'सेंग' म्हणजे कच्चे आणि 'छे' म्हणजे भाजी, तेव्हा मूसेंगछे ही सरळ सरळ कच्च्या मुळ्याची कोशिंबीर ठरते. मीही तेच समजलो. आपली मुळ्याची कोशिंबीर, फक्त दही नाही आणि तिखट सढळ हाताने, असा हिशेब मी मनाशी केला आणि पुढच्या सगळ्या चुका त्या हिशेबातून निघाल्या.

पहिला प्रयत्न ऑगस्टमध्ये झाला आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सुपरमार्केटमधून आणलेला मुळा किसणीवर किसला, मीठ लावून पिळला, वर घरून आणलेले लाल तिखट, व्हिनेगर आणि साखर घातली. आपले तिखट बियांसकट दळलेले आणि वस्त्रगाळ असते. ते ओल्या किसाला लागताच त्याचा लगदा झाला आणि रंग विटेसारखा आला. चवीला ते कडसर आणि नुसतेच झणझणीत होते. बायकोने दोन घास खाऊन, हे भाकरीवर ठेचा म्हणून चालेल, असा निर्वाळा दिला. आमच्याकडे भाकरी नव्हती.

त्यात मुळ्याचाही दोष होताच. उन्हाळ्यात इथे मिळणारा मुळा प्रामुख्याने गांगवॉन प्रांतातल्या उंचावरच्या शेतांतला असतो, आणि थंड हवेच्या या पिकाला उन्हाळा मुळात मानवत नाही. तो पाणीदार, उग्र आणि पुष्कळदा कडवट निघतो. बायका तो घेतात, पण साखर वाढवतात किंवा सरळ रश्श्यात घालतात. नोव्हेंबर उजाडला की तोच मुळा बदलतो. थंडी पडू लागली की त्याच्या अंगात साखर साठते, मग तो हातात दगडासारखा जड लागतो आणि कापताना कडकन आवाज करतो. डिसेंबरनंतर जेजू बेटावरचा मुळा बाजारात येऊ लागतो आणि वसंतापर्यंत पुरतो. हिवाळ्यातला मुळा जिनसेंग या औषधी मुळीच्या तोडीचा, असे इथली जुनी माणसे म्हणतात. मुळ्याच्या विक्रेत्यांनी तर ते वाक्य पाठच केलेले आहे.

युसॉंगचा पाच दिवसांचा बाजार तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असेल त्या दिवशी भरतो, म्हणजे ४, ९, १४, १९ अशा क्रमाने. आठवडी बाजाराची सवय असलेल्या माणसाला वाराऐवजी तारीख लक्षात ठेवणे थोडे जड जाते. नोव्हेंबरातल्या त्या बाजारात कोबी आणि मुळ्यांचे ढीग माणसाच्या खांद्याएवढे होते, कारण ते किमजांगचे दिवस होते. घरोघरी हिवाळ्याची किमची, म्हणजे आंबवलेली तिखट भाजी, घालण्याचा हा काळ, ज्या परंपरेला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. इथला मुळा आपल्या मुळ्यासारखा लांब आणि निमुळता नसतो. तो वीत-दीड वीत उंचीचा, दुधी भोपळ्याच्या खालच्या अंगासारखा जाड असतो आणि एकेकाचे वजन सहज दीड किलो भरते. जमिनीच्या वर राहिलेला भाग उन्हामुळे पोपटी होतो आणि तोच गोड असतो; खाली शेपटीकडे जावे तसा तो उग्र होत जातो. म्हणून कच्चे खायचे असेल तर वरचा पोपटी भाग, रश्श्याला मधला आणि शेपटीचा भाग शिजवायला, अशी वाटणी आपोआप होते. विकणाऱ्या आजींनी माझ्यासाठी एक मुळा बोटाच्या पेराने ठोकून पाहिला आणि दुसरा दिला. पहिल्यात 'वारा शिरला आहे' असे त्या म्हणाल्या. जून होऊन आतून भेंडासारख्या झालेल्या मुळ्याला इथे तसे म्हणतात, आणि मला तो शब्दप्रयोग फार आवडला.

त्याच बाजारात मी गोचुगारू, म्हणजे इथली मिरची, घेतली. ती पूड नसते. बिया काढून वाळलेल्या मिरचीचे बारीक तुकडे केलेले असतात, आपल्या जाडसर रव्यापेक्षा थोडे मोठे, आणि रंगाला बेडगीच्या जवळ जाणारे. उन्हात वाळवलेल्या मिरचीला वेगळे नाव आणि वेगळा भाव आहे. वजनाचे माप 'गून' सांगितले गेले. मिरचीचा एक गून ६०० ग्रॅमचा आणि भाजीचा एक गून ४०० ग्रॅमचा, हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे मी मागितली त्यापेक्षा दीडपट मिरची घरी घेऊन आलो. जाता जाता एवढेच सांगतो की मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या बाजूने आली आणि इथे ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९२ ते १५९८ या जपानी स्वाऱ्यांच्या आगेमागे पोहोचली असे सर्वसाधारणपणे मानतात. तोवर दोन्ही देशांतली मुळ्याची कोशिंबीर पांढरीच असणार.

तर सामग्री चोख होती, आणि तरीही दुसऱ्या प्रयत्नात मी मुळा किसून, मीठ लावून पिळायला घेतला, कारण माझ्या हाताला तेवढेच ठाऊक होते. आमच्या घरी मुळा पिळल्याशिवाय कोशिंबीर झालेली मी पाहिलेली नाही. मुळ्याचा उग्र वास आणि झणका पाण्याबरोबर निघून जातो, दही पातळ होत नाही आणि फोडणी किसाला नीट धरते. त्या कोशिंबिरीपुरते हे अगदी बरोबर आहे. बॉयलर पाहायला आलेल्या बाईंनी मला अडवले ते याच ठिकाणी.

त्यांचे ऐकून चार दिवसांनी मी न पिळता केले, आणि तेव्हा वेगळाच घोटाळा झाला. घरातले व्हिनेगर संपले होते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी बाटली आणली. बाटलीवर मोठ्या अक्षरात २ हा आकडा होता; मी तो एखाद्या मालिकेतला क्रमांक समजलो. तो 'दुप्पट' या अर्थाचा होता. इथे साध्या व्हिनेगरची आम्लता साधारण ६ ते ७ टक्के असते आणि हे दुप्पट व्हिनेगर १३ ते १४ टक्क्यांचे असते. मी त्याचे तीन मोठे चमचे घातले. पहिल्या घासाला डोळे मिटले गेले, दुसरा कुणी घेतला नाही. शिवाय न पिळलेला मुळा अर्ध्या तासात इतका सुटला की वाडग्यात लाल पाण्यात मुळ्याच्या काड्या पोहत होत्या. त्या पाण्यात चव होती हे खरे, पण ती सगळी व्हिनेगरची होती.

यानंतर बहुधा माझ्या तोंडावरची निराशा जिन्यात दिसली असावी. बाईंचे किमजांग आटोपले होते, मुळे उरले होते, आणि एका शनिवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. त्या मला नावाने हाक मारत नाहीत. मी 'इबेक साम-हो' आहे, म्हणजे दोनशे तीन नंबरची खोली. मी त्यांना हाल्मोनी, म्हणजे आजी, म्हणतो. सत्तरीच्या पुढच्या त्या बाईंना ते आवडते की नाही हे मी कधी विचारले नाही, पण त्या हाकेला उत्तर देतात.

त्यांनी मला सर्वप्रथम किसणी बाजूला ठेवायला सांगितली. किसणीच्या दातांनी मुळा फाटतो, पेशी जास्त तुटतात, आणि जितक्या पेशी तुटतात तितके पाणी सुटते आणि तितका वासही वाढतो. मुळ्याचा झणका मुळा अख्खा असताना नसतो, तो चिरल्यावर तयार होतो. हाल्मोनींनी यातले एकही शास्त्रीय वाक्य उच्चारले नाही. त्यांनी किसलेली एक काडी आणि सुरीने कापलेली एक काडी माझ्या तळहातावर ठेवली आणि दोन्ही वाकवून दाखवल्या. पहिली मऊ पडली, दुसरी ताणली गेली आणि कट्दिशी मोडली.

मग त्यांनी मुळा धुतला, सोलला नाही. साल नुसती घासली. वरच्या पोपटी भागाचा ६ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा कापला, एका बाजूने पातळ चकती काढून तो सपाट बसवला आणि त्याच्या उभ्या चकत्या पाडायला सुरुवात केली. इथे मी त्यांना थांबवले, कारण मी नेहमी आडव्या गोल चकत्या करून त्यांच्या काड्या करत असे. त्यांनी मान हलवली आणि मुळ्यावरून वरून खाली नख ओढले. रेषा आहेत, असे त्यांना सांगायचे होते. मुळ्याचे धागे उभे जातात. त्यांच्या दिशेने कापलेली काडी कालवताना तुटत नाही आणि दुसऱ्या दिवशीही करकरीत राहते, आडवी कापलेली काडी मात्र मिठाने लगेच मान टाकते. उभ्या चकत्या त्यांनी पत्त्यांच्या कॅटसारख्या कलत्या पसरल्या आणि सुरी सतत चालू ठेवून ३ मिलिमीटर जाडीच्या काड्या केल्या. माझ्या काड्या काही आगपेटीच्या तर काही पेन्सिलीच्या झाल्या. त्या त्यांनी निवडून काढल्या नाहीत, सगळ्या एकत्रच घातल्या.

साधारण ६०० ग्रॅम मुळा भरला. तो स्टीलच्या पसरट घमेल्यात घेऊन त्यांनी त्यावर मीठ न घालता आधी मिरची घातली. इथे मला पुन्हा एकदा विचारावेसे वाटले, पण मी गप्प राहिलो आणि पाहिले. जेवणाच्या चमच्याने तीन चमचे गोचुगारू कोरड्या काड्यांवर पडली आणि त्यांनी बोटे मोकळी ठेवून ती हलक्या हाताने चोळली. या हालचालीला इथे 'चोमुल-चोमुल' असा अनुकरणवाचक शब्द आहे. पुरणाचा गोळा करताना नव्हे, दडपे पोहे कालवताना जसा हात चालतो तसा तो चालतो. मिनिटाभरात काड्यांच्या कापलेल्या अंगावरचा ओलावा मिरचीने शोषून घेतला, तुकडे फुगून मऊ झाले आणि पांढऱ्या काड्या एकसारख्या केशरी-लाल दिसू लागल्या. मीठ आधी घातले असते तर पाणी आधी सुटले असते आणि मिरची काडीला चिकटण्याऐवजी त्या पाण्यात गेली असती, जसे माझ्या वाडग्यात झाले होते. मिरची आधी घातल्यामुळे पुढे सुटणाऱ्या पाण्याला जाऊन बसायला जागा तयार झाली. पाणी फेकायचे नव्हते आणि मोकळे सोडायचेही नव्हते.

दहा मिनिटे ते तसेच ठेवून त्यांनी बाकीचे काढले: अर्धा चमचा खडेमीठ बारीक करून, दीड चमचा माशाचा अर्क, ठेचलेल्या लसणाचा एक चमचा, नखाएवढे किसलेले आले, एक चमचा मेसिलचा पाक, अर्धा चमचा साखर, दीड चमचा साधे व्हिनेगर, पातीचे दोन कांदे आणि भाजलेले तीळ. हा चमचा म्हणजे जेवणाचा उथळ कोरियन चमचा, साधारण १० मिलिलिटरचा. मी घरी १५ मिलिलिटरचा मापाचा चमचा वापरत होतो आणि कोरियन कृतीतले आकडे जसेच्या तसे त्याने मोजत होतो, हे तेव्हा लक्षात आले.

या सामग्रीतल्या दोन-तीन वस्तूंपाशी थोडे थांबायला हवे. खडेमीठ त्यांच्याकडे दक्षिण-पश्चिमेच्या सिनान भागातल्या मिठागरांचे होते, गोणीत तीन वर्षे उभे करून खालून कडू पाणी निथळू दिलेले. माझे आजोळ अलिबागकडचे असल्यामुळे मिठागर म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर पेण-उरणच्या रस्त्याकडेचे पांढरे ढीग आले, पण मीठ मुरवायचे असते हे मी इथे प्रथम ऐकले. मेसिलचा पाक म्हणजे जूनमधल्या हिरव्या आंबट फळांत सारख्या वजनाची साखर घालून सुमारे शंभर दिवस ठेवलेला रस. त्याने गोडी येते आणि आंबटपणालाही एक गोलाई येते. माशाचा अर्क मीठ लावून आंबवलेल्या माशांचा असतो. त्याच्या जोडीला त्या कधी कधी सेउजॉत, म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी, घालतात. त्याची बरणी त्यांनी उघडली तेव्हा मी हसलो. तो सरळ सरळ ओला जवळा होता, वाळवण्याऐवजी मिठात घातलेला, आणि वासही ओळखीचा.

माझी बायको मासे खात नाही. तिच्यासाठी वेगळी वाटी करताना हाल्मोनींनी अर्काच्या जागी रश्श्याचा सोया सॉस वापरला, जो नेहमीच्या सोया सॉसपेक्षा रंगाला फिका आणि चवीला खारट असतो, आणि मीठ त्या मानाने कमी केले. नेहमीचा गडद सोया सॉस घातला असता तर लाल रंग काळवंडला असता. मला स्वतःला ही वाटी पहिलीपेक्षा थोडी सपक वाटली, बायकोला नाही.

सगळे घातल्यावर त्यांनी पुन्हा एकदा हलक्या हाताने कालवले, तीळ दोन तळव्यांत रगडून वरून सोडले, आणि मग तीन बोटांनी चिमूटभर उचलून थेट माझ्या तोंडाशी धरले. मी क्षणभर मागे सरलो. आमच्याकडे सणावारी नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी चव घेत नाही, मीठ नुसत्या अंदाजाने घालतात आणि ते बरोबर पडते हा घराचा मान असतो. इथे मात्र करणाऱ्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्याला चव देणे हा कृतीचाच भाग आहे. मी तोंड उघडले. मीठ कमी आहे, असे मी म्हणालो. त्यांनी घड्याळ दाखवले, अर्ध्या तासाने विचार म्हणून सांगितले, आणि अर्ध्या तासाने ते कमी नव्हते.

चांगल्या स्वयंपाकाला कोरियात 'सोन-मात' आहे असे म्हणतात. सोन म्हणजे हात आणि मात म्हणजे चव. आपण 'हिच्या हाताला चव आहे' म्हणतो ते शब्दशः तेच. हाल्मोनींनी लहान प्रमाणाला हातमोजा घातला नाही आणि मीही घातला नाही. त्यांचे काही बिघडले नाही. मी मात्र घरी आल्यावर सवयीने डोळा चोळला आणि पुढची वीस मिनिटे बेसिनपाशी उभा होतो. त्यानंतर मी पातळ प्लास्टिकचा हातमोजा वापरतो आणि हाताच्या चवीचा मान हाल्मोनींसाठी सोडतो.

एक प्रश्न मात्र उरला होता. काही दुकानांत उकडलेल्या डुकराच्या मांसाबरोबर, म्हणजे बोस्सामबरोबर, येणारा मुळा स्पष्टपणे पिळलेला असतो, चिवट आणि कोरडा. मग तिथे पिळलेला चालतो आणि मी पिळलेला का चालत नाही, असे मी विचारले. तो वेगळा पदार्थ आहे, असे त्यांनी सांगितले. तिथे मुळ्याला मीठ आणि साखरेचा घट्ट पाक लावून पाणी मुद्दाम काढतात, कारण तेलकट मांसाबरोबर चघळायला चिवटपणाच हवा असतो. म्हणजे पिळणे हा गुन्हा नव्हता. जो पदार्थ भाताबरोबर खायचा त्यात मी ते केले होते, आणि भाताला रस हवा असतो.

हे मला दुसऱ्या दिवशी पटले. ताजे असताना मूसेंगछे करकरीत आणि थोडे उग्र लागते. एक रात्र फ्रिजमध्ये काढली की डब्याच्या तळाशी दोन-तीन चमचे दाट लाल रस जमतो, उग्रपणा उतरतो आणि गोडी वर येते. खोलगट वाडग्यात सातूचा गरम भात, त्यावर मूठभर मूसेंगछे, तो रस, अर्धा चमचा तिळाचे तेल आणि एक तळलेले अंडे घालून चमच्याने कालवून खाणे हे माझे आता हिवाळ्यातले ठरलेले दुपारचे जेवण आहे. तिळाचे तेल आधीच डब्यात घालू नये; ते काडीवर बसून राहते, करकरीतपणा मंद करते आणि दोन दिवसांनी त्याला शिळा वास येतो. असे केलेले चार-पाच दिवस उत्तम राहते. त्यापुढेही ते खराब होत नाही, पण आंबत जाते, आणि डबा घट्ट नसेल तर फ्रिजमधल्या लोण्यालाही मुळ्याचा वास येतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मागच्या जानेवारीत पुण्याला गेलो असताना आईच्या आग्रहाखातर आपल्या पांढऱ्या मुळ्याचे करून पाहिले. आपला मुळा बारीक, जास्त पाणीदार आणि जास्त झणझणीत असतो, त्यामुळे काड्या थोड्या जाड ठेवाव्या लागल्या आणि मिरची अर्धा चमचा वाढवावी लागली. गोचुगारू संपली होती. बेडगी मिरच्यांच्या बिया झटकून, मंद आचेवर कोरड्या करून, मिक्सरमध्ये दोनच झटके देऊन जाडसर भरड केली, आणि रंग जवळजवळ तोच आला. जे आले नाही ते मुळ्याच्या अंगचे गोडपण होते; त्याला साखरेचा उपाय आहे, पण तो कळतो. आईने चव घेऊन, मुळा पिळला नाहीस वाटतं, असे विचारले.

परत आल्यावर हाल्मोनींचा डबा माझ्याकडे राहिलेला होता. दिलेला डबा रिकामा परत करू नये हा रिवाज दोन्ही घरांत सारखाच असल्यामुळे मी त्यात आपली मुळ्याची कोशिंबीर घातली: मुळा किसून, मीठ लावून, घट्ट पिळून, दही, दाण्याचा कूट आणि हिंग-मोहरीची फोडणी. त्यांनी माझ्यासमोरच चमचा घेतला, सावकाश खाल्ले, हिंगाच्या वासाला एकदा थांबल्या आणि पुन्हा खाल्ले. मग चमच्याने दही बाजूला सारून किसाचा एक चिमटा उचलला आणि पाण्याचे काय केलेस, असे विचारले. या वेळी माझ्याकडे उत्तर होते. आई करते तसे मी ते पाणी थालिपिठाच्या पिठात घातले होते आणि मळलेला गोळा वर ओट्यावर झाकून ठेवलेला होता. तो मी खाली आणून दाखवला. त्यांनी त्यात बोट दाबून पाहिले, वास घेतला, मान डोलावली, आणि एक त्यांच्यासाठी लाव पण त्यात ती हिरवी कोथिंबीर नको, असे सांगून तवा पुढे केला.